अंगणातली उलटी वेल

मी बेबाबाईंच्या अंगणातली उलटी वेल बोलतेय. उलटी का, ते सांगतेच; पण आधी जरा सावलीला बसा. आमच्या खानदेशच्या उन्हाला कुणाची भीडभाड नाही.

माझं नाव हॉप. माहेर लाहौलचं, पार हिमालयात. माझ्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो, हे बेबाबाईंना आजवर कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका! त्यांचा मुलगा अभिमन तिकडे मिलिटरीत ड्रायव्हर. तिथल्याच अंगमोशी त्यानं लग्न केलं आणि सत्त्याऐंशीच्या थंडीत तिला भुसावळजवळच्या आपल्या गावी आणलं. तिच्या ट्रंकेत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला बोटभर मुळाचा तुकडा म्हणजे मी. तिच्या आईनं निघताना हातात ठेवलेला.

अभिमन ड्यूटीवर परतला. अंगमोनं मला रांजणाशेजारी लावलं, झिरपत्या पाण्याच्या ओलीत. बेबाबाई तोंडानं फटकळ, पण जीव लावणाऱ्या. केळीच्या सोपटाची दोरी वळून त्यांनी मला चढायला बांधून दिली. "पोरीच्या माहेरचं हाये, जगलं पाहिजे," म्हणाल्या.

मला कोंब फुटले आणि घोटाळा झाला. बेबाबाईंनी उभा जन्म वाल चढवलेला. वालासारखाच त्या रोज संध्याकाळी माझा शेंडा दोरीला गुंडाळायच्या. पण वाल चढतो एका बाजूनं आणि मी दुसऱ्या! सकाळी बघावं तर मी आपली सुटून मोकळी.

असं किती दिवस चालणार? एका सकाळी त्या भडकल्याच. "अंगू, तूच सोडतं ना हे? माह्या हातचं काहीच चालत नही का व तुले?"

"आई, मैंने नहीं... मी नाही," अंगमो कशीबशी म्हणाली.

"मंग काय भुतानं सोडलं? सरळ सांग ना, अठी राहायचं नही म्हनून! येऊ दे अभिमनले दिवाळीले. जाय मंग माहेरी."

त्यानंतर दोघींचं बोलणंच तुटलं. अंगमो रांजण भरता भरता मुकाट्यानं डोळे पुसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. करून सवरून मी नामानिराळी आणि बोल तिला! पण वेलीला तोंड कुठलं?

वैशाखात अंगमो तापानं फणफणली. ती आत झोपलेली. बेबाबाईंनी सकाळीच मला गुंडाळलं आणि समोर ज्वारी निवडत बसल्या. दुपार कलेपर्यंत मी माझ्या स्वभावाला जागून शेंडा सोडवला, हळूहळू फिरवला आणि माझ्या बाजूनं दोरी धरली. त्यांच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

त्या उठल्या. माझ्या शेंड्यामागून बोट फिरवून पाहिलं, मग अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. पुन्हा बोट फिरवलं.

"व माय! तुयशीले आपन फिरतो, तशीच फिरते ही! उलटी त मीच गुंडाळत होती!"

तशाच आत गेल्या. अंगमोच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. "पोरी, मी तुले उगाच बोलली," म्हणाल्या आणि तिच्याआधी स्वतःच रडल्या. मी बाहेर ऐकत होते. इतकं हलकं मला पावसातही कधी वाटलं नाही.

दिवाळीला अभिमन आला. आईचे ते रागातले शब्द कुणीतरी त्याच्या कानावर घातलेच होते; नंतरचा समेट मात्र कुणी सांगितला नव्हता. न बसता म्हणाला, "अंगमो, सामान भर. तुला माहेरी सोडतो."

बेबाबाईंचा चेहरा पडला. 'राहा' म्हणायचीही त्यांना चोरी झाली होती. अंगमो उठली, ट्रंकेकडे न जाता चुंभळ डोक्यावर ठेवली आणि कळशी उचलली.

"मी गेली त आईचा रांजण कोन भरीन?"

आता मी छपरावर पोचलेय. दर थंडीत वाळते, फाल्गुनात पुन्हा फुटते. गाव अजून मला उलटीच म्हणतं, म्हणू दे. माझं मूळ हवं असेल तर अंगमोकडे मागा, ती नाही म्हणणार नाही. दोरी बांधा, पाणी घाला आणि थोडा धीर धरा. वळायचं मी माझं बघेन.