शंभरात तीस वेळा

ओसाकातल्या तोबे-सानच्या जुन्या गेमच्या दुकानात, माडीवर, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी पडद्यावर व्हिडिओ गेमच्या कुस्त्या लागायच्या. कंट्रोलरला कुणी हात लावायचा नाही. पैलवान घरी घडवायचा, कोणता डाव शंभरात किती वेळा टाकायचा ही त्याची अक्कल आकड्यांत भरायची, मेमरी कार्डावर आणायचा आणि मग गप बसून बघायचं, तो कसा लढतो ते.

मित्सुए आज बक्षिसासाठी आलेली नव्हती. ती नुकादाचं नाक कापायला आली होती.

मागच्या वर्षी तिचं कार्ड बिघडलं, तेव्हा नुकादाने ते दुरुस्तीला म्हणून नेलं आणि आठवड्याने कोरं परत केलं. "गेलं हो सगळं, मित्सुए-सान. वाईट वाटतं." त्या कार्डावर तिचे वडील होते. गावोगावच्या व्यायामशाळांत लढणारे, फारसे कुणाला ठाऊक नसलेले पैलवान. जुन्या चित्रफिती पाहून तिने दोन वर्षं एकेक आकडा बसवला होता. दोन महिन्यांनी नुकादाने लाल मुखवट्याचा 'शिन्कू' आणला. मुखवटा नवा; चाल, पकड, दम घ्यायला थांबणं, सगळं बाबांचं. मेल्याने तिचा बाप चोरला होता आणि वर शाबासकी घेत होता.

पुरावा नव्हता. मग तिने तोंड मिटलं आणि सहा महिने खपून एक मरतुकडा पैलवान घडवला.

"निवृत्तीची कुस्ती हवी," ती म्हणाली. म्हणजे जो हरेल, त्याच्या मालकाने सगळ्यांदेखत तो कायमचा पुसायचा.

"या काडीशी?" नुकादा हसला. "लावा लवकर, तोबे-सान. माझे ताकोयाकी गार होतायत."

शिन्कूने मरतुकड्याला उचलून आपटलं, पुन्हा आपटलं. माडीवर हशा पिकला. मित्सुए तिसऱ्या रांगेत, डाव्या कडेला बसली होती.

जिंकत आले की बाबा डावीकडे वळून हात उंचावायचे. तिथे तिसऱ्या रांगेत छोटी मित्सुए असायची. त्या नादात शेवटची कुस्तीही ते हरले होते. म्हणून कार्डावरच्या बाबांनाही तिने त्या वळण्याचा आकडा भरला होता, शंभरात तीस वेळा. नुकादाला त्याचा अर्थ कळला नाही; यातच ताकद असेल असं समजून त्याने तो तसाच ठेवला. मरतुकड्याला तिने एवढंच शिकवलं होतं: मार खायचा, आणि समोरच्याने पाठ फिरवली की मागून गुंडाळायचं. शंभरात शंभर वेळा.

शिन्कू वळला. त्याने हात उंचावला. मित्सुएचाही हात आपसूक वर गेला.

मरतुकड्याने मागून गुंडाळलं, पंचाने तीनदा थाप मारली. शिन्कू चीत झाला.

नुकादाचा चेहरा उतरला. तो तिच्याजवळ येऊन पुटपुटला, "ऐका ना. तुमच्या वडिलांची एवढी एकच प्रत उरलीय. म्हणाल तर आधी तुमच्या कार्डावर उतरवून देतो."

"मोठ्याने बोल," मित्सुए म्हणाली. "कुणाच्या वडिलांची?"

माडीवरच्या सगळ्या माना वळल्या. "तुमच्या," नुकादा म्हणाला.

"घ्या उतरवून, मित्सुए-सान," तोबे-सान हळूच म्हणाले. "नियम माझा आहे, मी मोडतो."

"या चोराकडून बाप मागून घेऊ? पूस."

नुकादाने बटण दाबलं. तिला आनंद झाला, खरंच झाला. जिना उतरताना मात्र ती कठडा धरून मध्येच थांबली. बाबा आजही तिच्याकडे बघण्यापायीच हरले होते, आणि या वेळी त्यांना तिनेच पाडलं होतं.