सुस्थितीतला चष्मा

चौकशी समितीच्या अहवालातले चौथे कलम असे आहे : 'संरक्षक चष्मा उपलब्ध होता, तो सुस्थितीत होता आणि सदर कामगाराने तो स्वेच्छेने काढून ठेवला, सबब इजेची जबाबदारी सर्वस्वी त्याची आहे.' एका वाक्यात तीन विधाने आणि एक निकाल. निकालाकडे इतक्या लगबगीने धावणारे वाक्य दिसले की त्याच्या एकेका शब्दाला थांबवून विचारपूस करावी, एवढे तरी मी जुने कागद वाचण्याच्या नोकरीत शिकले होते.

सदर कामगार म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. अवजड गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षे मेकॅनिक. त्या दिवशी पुढच्या चाकाजवळची गंजून बसलेली पिन तो पोलादी दांड्यासारखा पंच टेकवून हातोड्याने ठोकून काढत होता. वर्षानुवर्षे घाव सोसून त्या पंचाचे डोके छत्रीसारखे पसरले होते, कडांना भेगा गेल्या होत्या. तिसऱ्या घावाला एक कड उडाली आणि तांदळाच्या दाण्याएवढा पोलादाचा तुकडा डाव्या डोळ्यात शिरला. डोळा वाचला नाही. अहवाल जसाच्या तसा मंजूर झाला तर नोकरीही वाचणार नव्हती. कारण नियम पाळून जखमी झालेल्याला तिथे बसून करायचे काम देतात आणि नियम मोडून जखमी झालेल्याला घरी पाठवतात. पंचेचाळिसाव्या वर्षी एका डोळ्याच्या मेकॅनिकला दुसरीकडे कोणी उभे केले नसते. अंतिम सुनावणीला नऊ दिवस होते.

'उपलब्ध' हा शब्द मी समितीला सोडून दिला. चष्मा खरोखरच होता. समितीने त्याचे छायाचित्र काढले, अहवालाला जोडले आणि चष्मा कपड्यांच्या पिशवीत घालून घरी पाठवून दिला. पुराव्याच्या बाबतीत इतकी उदार समिती माझ्या पाहण्यात नाही.

छायाचित्रात तो सुस्थितीत दिसतो, हेही खरे. काच अभंग, पट्टा शाबूत. बहिणीच्या स्वयंपाकघरात खिडकीशी उभी राहून मी तो डोळ्यांवर चढवला आणि खिडकी नाहीशी झाली. उजेड होता, पण दूध सांडावे तसा सगळीकडे पसरलेला. समोर बहीण आहे की फ्रिज, हे तिने हाक मारली तेव्हा कळले. मग मी अहवाल हातात घेऊन चौथे कलम त्या काचेतून वाचू लागले. एक अक्षर दिसेना. त्या कलमाचे याहून न्याय्य वाचन मला नंतरही साधले नाही.

समितीत चार सदस्य होते. चौघांनी चष्म्याकडे पाहिले होते. चष्म्यातून एकानेही पाहिले नव्हते.

"भावजी, हे कशानं झालं?"

"पुसून."

"कशानं पुसता?"

"हाताला येईल त्यानं. चिंधी असते ना, हात पुसायची, तिच्यानंच." बोलता बोलता ते थांबले. "तिच्यात लोखंडाचा कीस असतो, ताई. आत्ता तुम्हाला सांगताना डोक्यात येतंय बघा. रोज सकाळी आम्ही चष्मे घासून लख्ख करायचो. जितकं घासू तितकं कमी दिसायचं. म्हणून आणखी घासायचो."

"नवा नाही मागितला?"

"वर्षाला एक मिळतो. आठ दिवसांत घालवला म्हटल्यावर स्टोअरवाला म्हणतो, 'चष्मा आहे तो, जेवणाचं ताट नाही रोज घासायला.' आणि घालून फिरलं की पोरं हसतात. 'काय पाणबुडे, लागले का मासे?'" ते स्वतःच हसले.

"हसा!" बहीण म्हणाली. "अजून हसा!"

"मग काय करू? आता तुला डोळा मारायचीपण सोय राहिली नाही. एक कायमचाच मारलेला."

तिने हातातले पातेले ओट्यावर आपटले आणि पाठ फिरवली. भावजींनी हसणे आवरले, पण जरा उशिराने.

चिंधीची गोष्ट मी समितीकडे द्यायच्या हरकतीच्या अर्जातून वगळली नाही. ती चूक कामगारांची होती. ती काच आधी पाण्याने धुवावी आणि मग मऊ कापडाने नुसती टिपावी, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. भिंतीवर मात्र 'डोळे अनमोल आहेत' असे हातभर अक्षरांत रंगवून घेतले होते.

राहिला 'स्वेच्छेने'. या शब्दाचा सगळा भार एकाच साक्षीदारावर होता. घटनेच्या वेळी जवळ एकटा फोरमन होता आणि त्याने लिहून दिले होते, 'सूचना देऊनही याने चष्मा काढला.' हा फोरमन आमचा थोरला भाऊ. भावजींना वर्कशॉपमध्ये लावणारा तो, आणि धाकटीचे लग्न जमवणाराही तोच.

"दादानं तुम्हाला काही म्हटलं होतं का?" मी भावजींना विचारले.

ते कॅलेंडरकडे पाहू लागले. "कॉम्प्रेसर चालू होता, ताई. काही ऐकू आलं नाही."

चालत्या इंजिनातला एक सैल बोल्ट नुसत्या कानाने ओळखतात, अशी या माणसाची ख्याती आहे.

रविवारी दादा संत्री घेऊन आला. आजाऱ्याला भेटायला येतात तसा, खुर्चीच्या कडेवर बसला.

"दादा, 'सूचना देऊनही' म्हणजे कोणती सूचना?"

"झालं, पाडायला लागलीस शब्दांचा कीस. हे तुझं दप्तरखानं नाही."

"कोणती?"

"भिंतीवर लिहिलीय ती. आंधळ्यालासुद्धा दिसेल एवढ्या अक्षरात." शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"भिंत बोलली. तू काय बोललास?"

तो संत्रे सोलू लागला. "मेहुण्याला मी वाऱ्यावर सोडीन असं वाटतं तुला? तिकडे बत्तीस माणसं माझ्या हाताखाली आहेत. माझ्यावरच आलं तर उद्या माझं कोण ऐकेल? मेहुण्याला दुसरीकडे कुठंतरी चिकटवून देतो मी. शब्द आहे माझा."

"शब्द तर तू दिलेलाच आहेस. लेखी."

धाकटी दारात उभी होती. ती फारशी बोलत नाही. "दादा," ती म्हणाली, "हे पेल्यात पाणी ओतायला जातात, ते बाहेर पडतं. पेला कुठं आहे ते त्यांना नीट कळत नाही. मी पुसून घेते आणि गप्प बसते. तू तरी गप्प बसू नकोस."

अर्धे सोललेले संत्रे बशीत ठेवून दादा निघून गेला.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होते. पलीकडे समिती, अलीकडे आम्ही, आणि मध्ये टेबलाच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना सारखाच परका दिसणारा दादा. मी चष्मा अध्यक्षांपुढे ठेवला आणि तो घालून चौथे कलम मोठ्याने वाचण्याची विनंती केली. त्यांनी चष्मा चढवला. कागद जवळ आणला, लांब नेला, तिरका धरला.

"खोलीत प्रकाश कमी आहे," ते म्हणाले.

दुपारचे बारा वाजले होते आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. कुणीतरी खोकले. अध्यक्षांनी चष्मा उतरवला आणि 'सुस्थितीत' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

"पण मुद्दा उरतोच," ते म्हणाले आणि भावजींकडे वळले. "दिसत नव्हतं, मान्य. म्हणून काय काढून ठेवायचा? काम थांबवायचं होतं. काढायला कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?"

त्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांना एका शब्दात देता आले असते. त्या एका शब्दावर त्यांची नोकरी होती. भावजींनी आधी बहिणीकडे पाहिले, मग मान बरीच वळवून दादाकडे. आता डावीकडचे काही पाहायचे तर त्यांना पुरती मान वळवावी लागते.

"मीच काढला, साहेब," ते म्हणाले. "कुणी सांगितलं नाही."

माझा नऊ दिवसांचा युक्तिवाद त्या सहा शब्दांत संपला. बहिणीने डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले. 'स्वेच्छेने' या शब्दाला आता जखमी माणसाचीच साक्ष मिळाली होती, आणि समितीच्या चेहऱ्यांवर काम वेळेत उरकल्याचे समाधान उमटू लागले होते.

तेव्हा टेबलाच्या टोकाची खुर्ची मागे सरकली. दादा उभा राहिला. पुढचे बोलणे लेखनिकाने इतिवृत्तात शब्दशः घेतले आहे आणि खाली दादाची सही आहे. मी त्यात एका अक्षराचाही फरक केलेला नाही :

'त्याचं लिहू नका, माझं लिहा. काढायला मी सांगितलं. तो म्हणाला, दादा, पिन दिसत नाही. मी म्हटलं, मग काढ ना तो चष्मा, दोन-तीन घावांचं तर काम आहे, गाडी बाहेर काढायचीय. नवे बारा चष्मे माझ्या कपाटात होते. पाकिटंसुद्धा फोडली नव्हती. पोरांना वाटून दिले की आठ दिवसांत घासून वाट लावतात, मग तपासणीला साहेब आले की दाखवायचं काय, म्हणून ठेवले होते. बारा नाही, अकरा. एक पाकीट मी फोडलं होतं. तो घाव घालत होता तेव्हा मी हातभर अंतरावर टॉर्च धरून उभा होतो. माझ्या डोळ्यांवर नवा चष्मा होता.'