चिमणीची जुळी

कप्पीला तेल घातलं की ती कुरकुरायची थांबते.

हिरवा कोट, आतून लोकरीचा, दोन वर्षं पुरावा म्हणून मोठाच घेतलेला.

दातांच्या डॉक्टरला सगळे अक्कलदाढ म्हणतात. उशिरा येतो, आणि आला की सगळ्यांना ठणका.

ताप उतरला, पण पोर अजून अन्नाला शिवत नाही.

पोत्याच्या गळ्यात लाल रिबन.

शेवट आधी केला की प्रयोग पडतो.

*

हे शेवटचं म्हणजे या हौशी मंडळाचं शास्त्र. वर्षाला एक गाण्यांचं नाटक, सगळ्या घरादाराने मिळून बघावं असं. पण तालमीत शेवटचं दृश्य आलं की सगळे चपला घालतात. ते थेट प्रयोगातच करायचं.

यंदाचं नाटक पतंगवाल्याच्या कुटुंबाचं. शेवटी धाकटी मुलगी वर उडते आणि वरूनच एक वाक्य म्हणते. ते वाक्य अजून कोणी मोठ्याने उच्चारलेलं नाही.

धाकटीचं काम चिमणीकडे. तिला उडवणारा तिचा खरा बाप, धंद्याने प्लंबर. दोरीच्या एका टोकाला तिच्या कमरेचा पट्टा, मध्ये छताच्या लोखंडी तुळईवर कप्पी, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी, तिच्यापेक्षा जरा जड. गाठ सोडली की पिशवी हळूच खाली, पोर हळूच वर.

चिमणीला उडवून बघायची सोय नव्हती, शास्त्र आडवं येत होतं. म्हणून बापाने थंडी सुरू होताच तिला हार्डवेअरच्या दुकानात काट्यावर उभं केलं आणि तेवढ्याच वजनाचं पोतं भरलं. तीच चिमणीची जुळी. रिबन आत्याने बांधली. जुळी रोज उडाली. एकदाही चुकली नाही.

"जुळीलाच घ्या नाटकात," नाटक बसवणारा अक्कलदाढ म्हणाला. "निदान सुरात गप्प बसते."

*

प्रयोगाची संध्याकाळ. विंगेत आत्या चिमणीच्या पाठीला कागदी पंख बांधत होती. वाक्यं पुरवायचं कामही तिच्याचकडे.

"दादा, पट्टा सैल होतोय हिला." तोंडात टाचण्या.

"अजून एक भोक पाड."

"परवा पाडलं, तेही सैल. पाखरू झालंय नुसतं तापाने."

"मग बरंच आहे की," अक्कलदाढ म्हणाला. "उडायचंच तर आहे!"

सगळे हसले. चिमणीही हसली, मग बापाकडे वळली.

"बाबा, जोरात नाही ना?"

"झोपाळ्यासारखं. वेडाबाई, तुझी जुळी घाबरली का कधी?"

*

शेवटचं गाणं.

पतंगवाला, त्याची बायको, थोरला मुलगा, तिघं हात वर करून गातात. मध्ये चिमणी, अनवाणी. तिसऱ्या कडव्याला बापाने गाठ सोडली.

सोडताना त्याची नजर विंगेतल्या खुंटीवर गेली. हिरवा कोट. खाली तिचे जाडजूड बूट.

काट्यावर ती हे सगळं घालून उभी होती.

त्याने दोरी आवळली. कप्पीचं तेल दोरीभर उतरलं होतं. दोरी तळव्यातून सळसळत निघाली, पिशवी त्याच्या पायाशी धाडकन आदळली, आणि वर, झालरीच्या मागे, लोखंडावर काहीतरी वाजलं.

टाळ्या. पुढच्या रांगेतली मुलं उभी राहिली.

रंगमंचावर तिघंही चेहरा वर करून थांबले. वाक्य यायचं होतं. किती थांबायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. इथवर ते कधी आलेच नव्हते.

आत्याने वाक्य पुरवलं, हलकेच: "आई, इथून आपलं घर दिसतं."

वरून काही नाही.

"आई, इथून आपलं घर दिसतं," आत्या पुन्हा म्हणाली. आता पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं.

एक पंख गिरक्या घेत खाली आला आणि थोरल्या मुलाच्या पायाशी पडला. टाळ्या वाढल्या. "वा!" अक्कलदाढ मागून म्हणाला. त्याने पंख पाडायला सांगितलं नव्हतं, पण त्याला ते आवडलं.

बाप दोन्ही हातांनी दोरी धरून उभा होता. खाली घ्यायला हवी होती. किती हळू, ते त्याला कळत नव्हतं.

*

त्या दिवशी सकाळी रंगमंच मोकळा होता, दोरी बांधून तयार होती, आणि चिमणीने बापाला विचारलं होतं, एकदाच उडून बघू का.