चांगल्या पायाची उडी

विधी मॅडमच्या दवाखान्यासमोर पाइपासाठी चर खोदून ठेवला होता. जळगावात पाय ठेवायला धड रस्ता सापडेल तर शपथ! माणसांना ओलांडायला वर एक फळी टाकलेली. मी फळीवर पाय टाकते न टाकते तोच आमची सारिका लंगडी घालावी तशी डाव्या पायावर उडाली आणि पलीकडे डाव्याच पायावर उतरली.

"ओ माय! तुनं डोकं फिरनं का?" मी भर रस्त्यात ओरडले. हातातली पाण्याची बाटली सुटून चरात पडली.

"डावाच पाय होता ना मम्मी. तो तर चांगलाय."

चांगलाय म्हणे! मागच्या वर्षी धरणगावला, पोलीस भरतीच्या सरावात, मी तिच्या चपला धरून कडेला उभी होते. शंभर मीटर पळताना शेजारची पोरगी घसरून हिच्या अंगावर आली. हिचा उजवा पाय जागच्या जागी रुतला आणि अंग तेवढं फिरलं. काडकन आवाज झाला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, कुबड्या आल्या आणि गेल्या, पण तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. भेंडीचं टोक मोडून बघायचंसुद्धा मी सोडून दिलंय. कवळी निघो नाहीतर जून, तो आवाज नको.

आता पुढच्या महिन्यात धुळ्याला भरतीचं ग्राउंड होतं. पण तिच्या अकॅडमीचे प्रेमराज सर फौजेतले, एकवचनी. विधी मॅडमनी टेस्ट घेऊन पास म्हटल्याशिवाय माझ्या मैदानात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. त्या दिवशी ही बया जेवली नाही. मी मात्र देवापुढे साखर ठेवली. खरं सांगते, पोरगी नापास व्हावी म्हणून ठेवली.

दवाखान्यात जमिनीवर लांब चटई अंथरलेली होती. विधी मॅडम फिजिओथेरपीच्या डॉक्टर, जळगावच्याच, मारवाड्याची पोर, बोलायला गोड पण कामाला कडक. त्यांनी मला समजावून सांगितलं, "काकू, पाय दुखत नाही म्हणजे पाय तयार आहे असं नसतं. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि हलायचं नाही. मग आपण मोजतो. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के तरी पाहिजे."

मी खुर्ची ओढून चटईच्या टोकाशी, अगदी जवळ बसले. पडली तर धरता यावं म्हणून.

आधी डावा पाय. सारिका उडाली आणि टुपकन जवळच उतरली. मी बघतच राहिले. अहो, एवढ्याशा उडीनं तर ती मघाशी चरात पडली असती! पुन्हा मारली, पुन्हा तेवढीच. मग उजवा. ओठ दाबून, थरथरत का होईना, पण उजवा पाय जवळजवळ तिथंच पोचला.

मॅडमनी टेप लावून मोजलं. "बरोबरी तर दिसतेय. पण डावा मागच्या वेळेपेक्षा बराच मागे आला की गं."

"दमलेय मॅडम. गाडीत उभं राहून यावं लागलं."

उभं राहून? खिडकीशी ऐसपैस बसून शेंगा खात आली होती! मॅडम माझ्याकडे वळल्या. "काकू, घरी काही वेगळं वाटलं का? डावा पाय अडखळतो वगैरे?"

मॅडमच्या पाठीमागून सारिका माझ्याकडे बघत होती. लहानपणी मार चुकवायला बघायची ना, तसं. खरं बोलले तर पोरगी जन्मभर माझं तोंड बघायची नाही. नाही बोलले तर तो आवाज परत ऐकायचा.

"नाही," मी म्हणाले. "बरी आहे."

"मग ठीक. दुपारी प्रेमराज सरांना कळवते."

जिना उतरताना सारिका नुसती नाचत होती. "मम्मी, अकॅडमीतल्या चारुलतानं सांगितलं होतं. दुखरा पाय वर नेता येत नाही ना, मग चांगला खाली आण. शेवटी बरोबरीच तर बघतात!"

मी पायरीवरच बसले. धुळ्याचं मैदान मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी मला ते दिसलं. पोरींचा घोळका, धूळ आणि मधे आडवी पडलेली माझी पोर. भीतीचा असा संताप झाला की काय सांगू.

"कोणाला फसवलंस गं? गुडघा काय मॅडमचा आहे? चल खाली!"

उठून, दंड धरून तिला मी चरापाशी आणलं. "घाल लंगडी. उजव्यावर घाल. मारलीस तर मी स्वतः तुला धुळ्याला घेऊन जाते."

ती उजव्या पायावर उभी राहिली. गुडघा लटलटायला लागला. तिनं खाली बघितलं, तळाशी माझी बाटली पडलेली होती. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बोलून बसले आणि माझाच जीव उडाला. हिनं खरंच मारली तर? मी तिचा टी-शर्ट मुठीत घट्ट धरून ठेवला.

तिनं डावा पाय खाली टेकला.

"मम्मी," ती म्हणाली, "माले भ्याव वाटस."

अकॅडमीत गेल्यापासून पोरगी घरातसुद्धा शुद्ध बोलायची, मुलाखतीत अडखळायला नको म्हणून. आज सगळं गळून पडलं.

"कशानं भ्याव वाटस?"

"तो आवाज. पळाले उभी राह्यनू का कानात येस."

मला वाटायचं, तो आवाज मी एकटीच घेऊन फिरतेय.

"माले बी येस," मी म्हणाले. "मग पळस कशाले?"

"मागं सरनू तर बठ्ठं गाव हसी."

"हसू दे! दात दुखतील तेव्हा गप बसतील."

ती हसली नाही. पण माझ्या आधी तीच वळली आणि जिना चढायला लागली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला मोबाइल बाजूला ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "शंका मला आली होती," त्या म्हणाल्या. "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

मी मान खाली घातली.

"डाव्यावर मार, सारिका. आता खरी."

सारिकानं हात मागे नेले आणि उडाली. देवा! चटई संपली तरी पोरगी हवेतच. ती थेट माझ्या गुडघ्यांसमोर उतरली आणि तशीच एका पायावर निश्चल उभी राहिली. माझी पोर एवढी लांब उडते, हे मला माहीतच नव्हतं. मॅडमनी तिथं जमिनीवर लाल पट्टी चिकटवली. मघाशी उजवा पाय जिथं पोचला होता तिथंही एक चिकटवली. मधलं अंतर मोजायची कुणालाच गरज पडली नाही.

"ह्या भरतीला नाही," मॅडम म्हणाल्या. "एका महिन्यात एवढं भरून निघत नाही."

सारिका तिथंच फतकल मारून बसली आणि हुंदके देऊन रडली. मीही रडले. देवापुढे ठेवलेली साखर आठवली आणि आणखी रडले.

बऱ्याच वेळानं ती नाक पुसत उठली. "मॅडम, उजव्यावर परत मारू? कुठून सुरुवात करायची ते कळेल."

"मार. पण जमेल तेवढीच."

ती चटईच्या त्या टोकाला उजव्या पायावर उभी राहिली. गुडघा अजून लटलटत होता. तिला धरायला मी खुर्ची पुढे ओढली, तशी लांबची पट्टी माझ्या पायांआड गेली. तिनं समोर पाहिलं, मग माझ्याकडे.

"मम्मी, खुर्ची मागं घे. पट्टी दिसत नाही."

मागं घेतली तर ती पडताना माझा हात पोचणार नव्हता. मी उठले आणि खुर्ची भिंतीपर्यंत मागं नेली.