उजव्या पायाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी, अंगानं भारदस्त आणि स्वभावानं जरा कुरकुरी अशी लांब पल्ल्याची मोटारसायकल आहे. गल्लीबोळात मला कोणी विचारत नाही. वळायला ऐसपैस जागा लागते, ढकलायला दोघं लागतात, आणि पेट्रोलचं तर नावच काढू नका. पण मोकळा रस्ता द्या आणि मग बघा म्हणावं!

कारखान्यात माझा जन्म कसा झाला ते सांगत बसत नाही. तिथे आवाज फार होता आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं, एवढंच आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते काटेवाल्यांच्या घरी. काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. कारखान्याच्या फाटकाशी ट्रकसकट माल तोलणारे मोठे काटे असतात ना, त्यातला एखादा खोटं वजन दाखवू लागला की यांना बोलावणं यायचं. माझ्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत हत्यारं आणि लोखंडी मापं भरायची, बायकोला "येतो गं" म्हणायचं आणि निघायचं. माणूस ताडमाड उंच, पाय हे एवढे लांब, आणि बोलणं मात्र मोजकं. मी त्यांच्यावर जीव टाकत होते, यात लपवायचं काय!

पण त्यांचा उजवा गुडघा त्यांच्यावरच उलटला. तासन्‌तास पाय दुमडून बसलं की तो असा आखडायचा, की उतरल्यावर बिचारे माझ्या हँडलला धरून उभेच राहायचे. घरी कळलं तेव्हा बायकोनं त्यांना फैलावर घेतलं.

"अहो, गाडी सोडा नाहीतर गुडघा सोडा. दोन्ही जमायचं नाही."

तिसरा मार्ग काढला मेस्त्रींनी. मेस्त्री म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मालक, काटेवाल्यांचे लहानपणापासूनचे मित्र. इंजिनाच्या दोन्ही अंगांना माझं लेगगार्ड आहे. मी पडले तर स्वाराचा पाय वाचावा म्हणून बसवलेली ती लोखंडी कमान. तिच्यावर पुढच्या बाजूला आणखी दोन फूटरेस्ट बसवायचे, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पाय लांब करून बसता येतं.

तो दिवस माझ्या सुखाचा होता. काटेवाले माझ्यावर बसले, बायकोनं मला सरळ धरून ठेवलं, आणि नुकतीच नोकरीला लागलेली त्यांची मुलगी हातात खडू घेऊन खाली बसली. उंचीनं बेताची, म्हणून बाप तिला बुटकी म्हणायचा.

"पाय सोड," मेस्त्री म्हणाले. "ताणू नकोस रे, कवायतीला नाही आलास. गुडघा जरासा वाकलेला राहू दे, नाहीतर प्रत्येक धक्का कमरेत बसेल."

जिथे टाचा आल्या तिथे बुटकीनं खुणा केल्या. मेस्त्रींनी लेगगार्डच्या नळीला रबराची पट्टी गुंडाळून फूटरेस्ट धरणारे क्लॅम्प बसवले, धक्क्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून खाली स्प्रिंग वॉशर घातले आणि पान्हा लावून आवळले. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. शेवटी काटेवाल्यांना डोळे मिटायला लावलं आणि पुढच्या फूटरेस्टवरून ब्रेकवर पाय आणायला सांगितला. एकदा जमलं, तरी पुन्हा. पुन्हा जमलं, तरी आणखी एकदा.

"ही जागा आरामाची आहे. गर्दीत, वळणावर, खडीवर पाय इथे ठेवायचे नाहीत."

"ऐकलंत का?" बायकोनं विचारलं. "का परत सांगू?"

"ऐकलं. तुमचं दोघांचंही," काटेवाले म्हणाले, आणि सगळे हसले.

पुढची वर्षं कशी सरली कळलंच नाही. रस्ता मोकळा झाला की ते पाय पुढे टाकायचे आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचे. वाटेतले लोक माझ्याकडे वळून बघायचे. मी फुशारून जायचे.

मग तो शेवटचा प्रवास आला. परतीच्या वाटेवर त्यांनी मला कडेला थांबवलं. उजवा पाय सुजून ओंडक्यासारखा झाला होता. त्यांनी उजव्या फूटरेस्टचा बोल्ट सैल केला आणि क्लॅम्प आणखी पुढे सरकवला, पाय आणखी थोडा लांब व्हावा म्हणून. तेवढ्यात स्प्रिंग वॉशर गवतात पडला. ते शोधायला वाकू लागले, पण वाकताच येईना. मग वॉशर तसाच सोडून दिला आणि पकडीनं बोल्ट कसाबसा आवळला. "घरी गेल्यावर बघू," माझ्या टाकीवर हात ठेवून ते म्हणाले. घरी गेल्यावर बोल्टचंही बोलले नाहीत आणि पायाचंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली आणि ते गेले. पायातली रक्ताची गुठळी वर सरकली, असं नंतर शेडमध्ये लोकांना बोलताना मी ऐकलं.

मला शेडमध्ये कापडाखाली ठेवलं. टायर बसले, बॅटरी गेली, आरशावर जाळी धरली. पुष्कळ महिने माझी कोणी साधी धूळही झटकली नाही. मग एक दिवस बुटकीनं कापड ओढलं. नोकरी सोडून ती बापाचंच काम करणार होती. आईनं आधी थयथयाट केला, मग रडली, मग स्वतःच फडकं घेऊन मला पुसायला बसली. नवे टायर, नवी बॅटरी बसली आणि मी पुन्हा रस्त्यावर आले.

आणि तेव्हापासून ते सुरू झालं.

संध्याकाळी बुटकी परत आली की दोन्ही फूटरेस्ट हातानं सारखे करून ठेवायची. सकाळी आई शेडचं दार उघडायची, तर उजवा खाली झुकलेला. डावा तसाच, उजवाच तेवढा खाली. जणू कोणीतरी दुखरा पाय त्यावर टाकून बसलं होतं आणि आत्ताच उठून गेलं.

"आले होते गं तुझे बाबा," आई कुजबुजली.

"आई, काहीतरीच काय!" बुटकी म्हणाली. पण दुसऱ्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन तीही आईच्या मागे दारात उभी होती. पुढे पुढे तर आईआधी तीच येऊन बघायची.

तुम्ही म्हणाल, बोल्ट सैल होता, इंजीन निवताना लोखंड आकसतं, फूटरेस्ट आपल्या वजनानं सरकतो. कबूल. हे मला तुमच्याआधी ठाऊक होतं. पण मित्रांनो, शेड बंद असताना माझी सीट दबायची, त्याचं काय? मागची स्प्रिंग हळूच खाली जायची आणि उजव्या अंगावर मला ओळखीचा भार जाणवायचा. मी भित्री नाही. तरी सांगते, मी तेव्हा शहारून जायचे, आणि तो भार उतरू नये असंही वाटायचं.

मला सर्व्हिसिंगला नेलं तेव्हा आई मुद्दाम सोबत आली.

"भावजी, सगळं तपासा. पण त्या उजव्या फूटरेस्टला हात लावू नका."

"अहो वहिनी, तो हलतोय."

"हलू दे. ते त्यांचं ठिकाण आहे."

मेस्त्री एरवी चुकीच्या नटाला माफ न करणारा माणूस. पण मित्राचं नाव निघालं आणि गडी विरघळला. त्यांनी डोळे पुसले, पान्हा खाली ठेवला. तिघंही त्या ढिल्या बोल्टला जपत राहिली, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

व्हायचं ते झालं. एका कारखान्याच्या फाटकापाशी उतार होता आणि त्यावर खडी पसरलेली. पेट्यांत लोखंडी मापं भरलेली, त्यामुळे मी जड. समोरचा एक ट्रक उलटा मागे येत होता. बुटकीनं शहाण्यासारखा पुढचा ब्रेक न धरता मागच्या ब्रेकवर पाय नेला. पण ब्रेक तिथे सापडेना! धक्क्यांनी फूटरेस्ट पार फिरून ब्रेकवर आडवा आला होता आणि तिचा बूट दोन्हींच्या मध्ये अडकला. शेवटी तिनं घाबरून पुढचा ब्रेक दाबला. माझं चाक खडीवर घसरलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. ट्रकचं चाक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

मनगट मोडलं, हनुवटी फाटली, पण पोरगी वाचली. पाय लेगगार्डनं वाचवला.

मला टेम्पोत घालून गॅरेजमध्ये आणलं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बुटकी स्टुलावर बसली होती, आई तिच्यामागे. मेस्त्रींनी उजवा क्लॅम्प सोडला आणि हातात धरून बघतच राहिले.

"वॉशरच नाही," ते म्हणाले. "आणि नळीवरची ही जुनी खूण बघा. मी बसवला होता त्याच्या किती पुढे नेलाय! पकडीचे दात उमटलेत बोल्टवर. वहिनी, हे त्यानंच वाटेत केलंय. पाय किती ठणकत असेल त्याचा, आणि माणसानं आम्हाला एका शब्दानं सांगू नये?"

आईनं ते दातांचे ओरखडे बोटानं चाचपले. मग लेकीच्या हनुवटीवरचे टाके बघितले.

"हिच्या पायाच्या मापानं बसवा," ती म्हणाली.

मेस्त्रींनी बुटकीला माझ्यावर बसवलं, माप घेतलं, दोन्ही क्लॅम्प बरेच मागे आणले, नवे वॉशर घातले. पान्हा लावणार तोच आईनं हात पुढे केला.

"द्या इकडे. मी आवळते."

"वहिनी, जोर लागतो."

"आहे माझ्यात तेवढा."

तिनं दोन्ही हातांनी पान्हा धरला आणि आवळत गेली. बोल्ट कुरकुरला, तरी थांबली नाही. मग माझ्या रिकाम्या मागच्या सीटकडे बघून, नेहमी त्यांच्याशी बोलायची त्याच स्वरात म्हणाली,

"अहो, पाय आखडला तर घरात येत जा. गाडीवर आता बसू नका. गाडी पोरीची आहे."

आणि तिथेच, तेलकट फरशीवर बसून, ती मोठ्यानं रडली.

त्यानंतर सकाळी फूटरेस्ट कधी झुकलेला दिसला नाही. माझी सीटही दबली नाही. आई मात्र अजून शेडचं दार उघडून बघते आणि तसंच लावून घेते. बुटकीचा हात बरा झालाय. मोकळ्या रस्त्यावर ती पाय पुढे टाकते, तिच्या टाचा बरोबर जागी पोचतात, आणि मला फार हलकं वाटतं. ते हलकं वाटणं मला आवडत नाही, पण सवय करून घेते आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी गाडी असेल. तिचे नटबोल्ट वेळच्या वेळी तपासा, आणि ढिलं झालेलं काही मायेपोटी तसंच ठेवू नका. आणि कुठे दुखत असेल तर घरी सांगा. गाडीच्या टाकीवर हात ठेवून सांगू नका. आम्ही सगळं ऐकतो हो, पण पुढे कोणाला सांगता येत नाही.