झाडाच्या दोन

चिक्कडपल्लीच्या मागच्या अंगाला जे मैदान आहे, त्याला सरकारदरबारी काय म्हणतात ते कुणालाच ठाऊक नाही. लोक घोडामैदान म्हणतात. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदाराचे घोडे इथं फिरवायला आणत. घोडे गेले, जहागीर गेली आणि उदगीर-नांदेडकडून नोकरीसाठी आलेल्या पोरांनी काथ्याची चटई अंथरून स्टंप रोवले. सीमारेषेच्या बरंच आत एक कडुलिंब होता. अख्ख्या मैदानात सावली तेवढीच, त्यामुळे तो तोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट त्याच्यासाठी नियमच करून टाकला. चेंडू झाडात गेला की खेळ थांबायचा, दोन धावा द्यायच्या, आणि पानांतून पडलेला कॅच धरला तरी आउट नाही.

एकनाथराव या मैदानावर आधी खेळले आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर अंपायर झाले. आता अंपायरला इतक्या लांबून पान हललेलं काय दिसणार? पण झाडाखाली त्यांची बायको भामा बसलेली असायची, रविवारची अंबाडी निवडत. चेंडू पानांत शिरला की ती हातातली जुडी न सोडता दुसरा हात उंच करायची, पाची बोटं फाकवून, झाडासारखी. तिचं बघून एकनाथराव तसाच हात वर करायचे. अंपायरच्या बायकोचा निकाल दोन्ही संघांना मान्य असायचा. घरात तर तो होताच.

भामा गेली. पुढच्याच उन्हाळ्यात एका वावटळीनं झाड आडवं केलं. बुंधा काढून जमीन सपाट झाली, तरी नियम तेवढा राहिला. चेंडू त्या जागेवरून गेला की एकनाथराव तिकडं बघायचे, जरा जास्तच वेळ बघायचे, आणि मग हात वर करायचे. तिथं काही नाही हे त्यांना कळत होतं, ते काही भ्रमिष्ट नव्हते. पण घरात भामा आठवायची ती औषधांच्या वासासकट, खाटेला खिळलेली. इथं मात्र ती धडधाकट असायची, मांडीवर अंबाडी घेऊन. तिकडं बघायला त्यांच्याजवळ हे एवढंच निमित्त होतं.

आणि आज तेजसनं नेमकं तेच मागितलं. तेजस घोडामैदानाचा कॅप्टन, जवळच्याच हिमायतनगरात एका कंपनीत कामाला. लहानपणी भामाच्याच तांब्यातलं पाणी पिऊन इथं खेळायला शिकलेला.

"मामा, झाड नक्को आता," तो टॉसच्या आधी म्हणाला. "बाहेरच्या टीमा हसतात ना. झाडच नाही, तर झाडाचे रन कैसे? आजपासून बंद करू. तुम्ही हौ म्हणा, बस्."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एकनाथराव "हौ" म्हणाले. पलीकडं टेबलाशी धावसंख्या लिहायला बसलेल्या धम्मानंदांनी, त्यांच्या जुन्या दोस्तानं, चष्म्यावरून नुसतं एकदा पाहिलं.

समोर गौलीगुड्याचा संघ होता. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, गवतावर अजून धुकं रेंगाळत होतं. त्या धुक्यात फील्डर मधूनच पुसट व्हायचे, मधूनच दिसायचे. दोनदा चेंडू त्या जागेवरून गेला आणि थेट सीमापार झाला. एकनाथरावांनी तिकडं न बघता चौकाराची खूण केली. दुसऱ्यांदा हात हलवताना त्यांना फार वाईट वाटलं. आपणच बायकोला उठवून लावलं, असं काहीतरी.

सामना छोटाच, धुकं विरायच्या आत शेवटच्या जोडीपर्यंत आला. गौलीगुड्याला जिंकायला दोन धावा हव्या होत्या. बॅटिंगला उमाजी होता, कानशिलं पिकलेला, वर्षानुवर्षं इथं खेळायला येणारा. त्यानं डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली. चेंडू उंच गेला, धुक्यात दिसेनासा झाला, आणि खाली येऊ लागला तो बरोबर त्या जागेवर.

तेजस धावत निघाला. सरळ गेला असता तर कॅच हातातच होता. पण त्या जागेशी पोचता पोचता त्याचा खांदा आपसूक कलला, पाय बाहेर वळले, आणि तो वळसा घालून पलीकडं गेला. लहानपणापासून त्या बुंध्याला चुकवतच तो पळत आला होता. चेंडू मोकळ्या गवतावर पडला.

इकडं उमाजीही धाव अर्धी सोडून खेळपट्टीच्या मध्येच उभा होता, बॅट काखेत मारून. चेंडू झाडात गेला, आता पळायचं कशाला? मग त्याला आठवलं. त्याचा चेहरा पडला, पण परत फिरायला वेळ नव्हता.

तेजसनं चेंडू उचलला. नुसती एक फेक, की सामना घरच्यांचा. विकेटकीपर हात पुढं करून ओरडत होता. तेजस मात्र पायाखालच्या गवताकडं बघत राहिला, मग आपण आलो त्या वळशाकडं.

सगळं मैदान एकनाथरावांकडं बघू लागलं. शब्द तर दिलेला. ठरवलं नव्हतं, तरी त्यांची नजर जुन्या सवयीनं तिकडं गेली.

धुक्यात त्या जागेवर कुणीतरी उभं होतं. एका हातात चेंडू धरलेला, दुसरा हात उंच, पाची बोटं फाकवलेली. तेजसच तो. तरी क्षणभर एकनाथरावांना हिरव्या जुडीचा आंबूस वास आला.

त्यांनी हात वर केला. खाली घ्यायचं त्यांना बराच वेळ भानच राहिलं नाही.

"राव," टेबलावरून धम्मानंदांनी हळूच विचारलं, "किती लिहू?"

"दोन," एकनाथराव म्हणाले. "झाडाच्या."