अकरा लव्हाळी

"गवत?" बाईंनी हातातली काडी फॉरेस्ट गार्डच्या पायाशी टाकली. "एकोणतीस वर्षं या रानात काढलीत आणि याला गवत म्हणता? बोटांत फिरवून बघा."

त्याने फिरवली. काडी गोल नव्हती. तीन धारा बोटाला लागल्या.

"लव्हाळं आहे. पुन्हा गवत म्हणालात तर चौकीवरच बसा."

रानातून रस्ता जायचा होता, म्हणून तिथल्या वनस्पतींची नोंद करायला बाई आल्या होत्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, जीभ कात्रीसारखी. त्यांची पिशवी वाहायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

"तोंड बंद करतो की नाही बघ तिचं," त्याने घरी बायकोला सांगितलं.

मग सुट्टीच्या दिवशीही तो झाडांच्या सावलीत लव्हाळ्यांपाशी गुडघे टेकून बसू लागला. कुणाचा बुडखा लाल, कुणाचा तपकिरी. कुणाच्या बियांवरची पिशवी फुगीर, कुणाची चपटी. चुकलं की बाई खेकसत. बरोबर आलं की नुसत्या पुढे चालू लागत.

बाई महिनाभर दुसरीकडे गेल्या आणि वनखात्याचे साहेब रस्त्याच्या मंजुरीसाठी पाहणीला आले. चौकीतली नोंदवही त्याच्यापुढे सरकवत म्हणाले, "लिही. झाडांखाली किरकोळ गवत."

"गवत नाही साहेब. लव्हाळी आहेत. अकरा जातींची."

"तू कधीपासून शास्त्रज्ञ झालास रे?"

त्याने अकरा नावं लिहिली. लॅटिन, बाईंच्या तोंडून ऐकली होती तशी. साहेबांनी वही ओढली, नावांवर रेघ मारली आणि हवं ते स्वतःच लिहिलं. आठवड्याभरात गार्डची बदली लाकडाच्या डेपोवर, फाटक उघडायला.

"गवतापायी वाटोळं करून घेतलंत," बायको म्हणाली.

"लव्हाळ्यापायी."

तिने ताट त्याच्यापुढे आदळलं.

चौकीच्या किल्ल्या द्यायला तो गेला तेव्हा बाई परतल्या होत्या. रस्त्यासाठी ओढ्यापर्यंतची झाडं पडली होती, जमीन खरवडली गेली होती. बाई उभ्यानेच वही वाचत होत्या. रेघेखालची नावं नीट दिसत होती. सातव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकलंय. हे मी दुसऱ्या रानातलं सांगितलं होतं. या रानात होत नाही."

"ओढ्याच्या वरच्या अंगाला, तीन झुपके," गार्ड म्हणाला. "बुडखा जांभळा, पिशवीला चोच. होत होतं."

बाईंनी खरवडलेल्या जमिनीकडे पाहिलं.

"अक्षर भयंकर आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि सातवं नाव आपल्या यादीत उतरवून घेऊ लागल्या.